उष्टी माफी

पद्मजाबाई मगदूम यांची वाचा गेली तेव्हा सांगलीच्या कोर्टात बऱ्याच जणांनी मनातल्या मनात पेढे वाटले. वरकरणी सगळे हळहळले. बार रूममध्ये कुणीतरी म्हणालं, "एवढी धारदार बाई..." आणि पुढचं वाक्य कुणालाच सुचलं नाही. फौजदारी वकिलीच्या तीस वर्षांत बाईंनी साक्षीदारांना रडवलं होतं, समोरच्या वकिलांना घाम फोडला होता आणि स्वतःच्या अशिलांनाही कधी सोडलं नव्हतं. आजाराने सुरुवात नेमकी त्या जिभेपासूनच केली. आधी 'ळ' जड झाला, मग 'र' निसटायला लागला, मग पाणी पिताना ठसका लागू लागला. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. वर्ष सरता सरता बाईंच्या तोंडून नुसता घोगरा, ओला आवाज निघू लागला. लाळ आवरेना. जेवण पोटात बसवलेल्या नळीतून सुरू झालं.

त्यांचे यजमान शांतिनाथ हे सगळं निगुतीने करायचे. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून ते निवृत्त झाले होते. स्वभावाने मऊ, आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. ते बाईंची लाळ पुसत, नळी धूत, कूस बदलून देत. बाईंना त्याची शरम किंवा किळस कधी वाटली नाही. शरीर म्हणजे पिशवी, ती गळायची तेव्हा गळणार, असं त्यांचं रोखठोक मत होतं. त्यांची चडफड व्हायची ती वेगळ्याच गोष्टीने. डोक्यात वाक्यं तयार होत होती, चांगली टोकदार, आणि त्यांना बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

ती वाट मिरजेच्या एका हॉस्पिटलात मिळाली. ओठ कधी मिटायचे, जीभ टाळूला कुठे टेकवायची, घसा किती ताणायचा, याचे हुकूम मेंदूतल्या एका चिंचोळ्या पट्टीतून सुटतात. खालचे स्नायू निकामी झाले तरी ही पट्टी बरीचशी शाबूत राहते आणि कुणी ऐको न ऐको, हुकूम सोडत बसते. पोस्टाच्या तिकिटाएवढी, केसाहून बारीक तारांची एक जाळी या पट्टीवर अंथरायची, ही शस्त्रक्रिया तोवर आपल्याकडेही रुळली होती. जाळी हुकूम टिपते. कानामागचं छोटं यंत्र त्यावरून अक्षरं ओळखतं. अक्षरांचे शब्द होतात, शब्दांच्या ओळी होतात आणि त्या चष्म्याच्या काचेवर उमटतात. मनातल्या मनात 'हं' म्हटलं की ओळ आवाज होऊन बाहेर पडते. आवाजही बाईंचाच होता. ऑनलाइन सुनावण्यांमधली त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज होती, त्यांवरून तो घडवलेला.

यंत्र समजावून द्यायला तबस्सुम मुजावर नावाची इंजिनियर घरी आली होती.

"मॅडम, आत जे आहे ना, तो मुळात साधा टेक्स्ट एडिटर आहे," ती म्हणाली. "तुमच्या ओळी त्यात जमा होतात. पण त्याला एक जुनी युक्ती येते. काही ओळी निवडायच्या आणि त्याला सांगायचं, या बाहेरच्या अमुक प्रोग्राममधून काढून आण. मग एडिटर तेवढ्यापुरतं स्वतःचं एक पोर जन्माला घालतो. चाइल्ड प्रोसेस म्हणतात त्याला. एका नळीतून तुमच्या ओळी त्या पोराला पाजतो. पोर त्यांचं काय करायचं ते करतं आणि दुसऱ्या नळीतून ओकतं. जे ओकलं ते एडिटर तुमच्या ओळींच्या जागी ठेवतो. काम झालं की पोर मरतं."

"आणि माझ्या मूळ ओळी?" बाईंच्या नव्या आवाजाने विचारलं.

"त्या पुसल्या गेल्या. त्यांच्या जागी नव्या."

"शी!"

तबस्सुम हसली. "ऐकायला घाण वाटतं, पण कामाचं आहे. दाखवते." बाईंची मावशी अथणीला असायची, तिला कानडीच कळायचं. तबस्सुमने मावशीसाठीची एक ओळ भाषांतराच्या प्रोग्राममधून काढून आणली. मराठी ओळ गेली आणि तिच्या जागी कानडी ओळ आली. मावशीने फोनवर ती ऐकली आणि पलीकडून आनंदाने रडायलाच लागली. बाईंना गंमत वाटली. एवढ्याशा कामासाठी जन्माला येऊन मरून जाणाऱ्या त्या पोराची थोडी कीवही आली. शांतिनाथ शेजारी बसून सगळं नीट पाहत होते, मध्ये मध्ये बारीकसारीक प्रश्न विचारत होते. जुन्या मास्तरांना नवं यंत्र मिळालं होतं.

तबस्सुम गेल्यावर शांतिनाथ बायकोसमोर खुर्ची ओढून बसले. कितीतरी महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलणार होती.

"बोल," ते म्हणाले. "काहीतरी बोल की."

"पंख्यावर केवढी धूळ आहे. दिसत नाही का तुम्हाला?"

शांतिनाथांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि स्टूल आणायला गेले.

दुसरं बोलणं मुलीशी व्हायचं होतं. ते काही इतकं सोपं नव्हतं.

सन्मती त्यांची एकुलती एक मुलगी. कायदा शिकून आईच्याच हाताखाली वकिली करायला लागली होती. दोन वर्षं कशीबशी निघाली. मग एकदा एका जामीन अर्जात तिने चुकीचं कलम घातलं. बाईंनी तो अर्ज सेशन्स कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात, अशील, पोलीस आणि निम्म्या बारसमोर फाडला आणि तुकडे तिच्या हातात दिले. वर पाच मिनिटं जे बोलल्या ते कोर्टात अजून सांगितलं जातं. सन्मतीने ते तुकडे पर्समध्ये ठेवले, घरी गेली, बॅग भरली आणि बंगळूरला जाऊन एका कंपनीत नोकरी धरली. सणावाराला मेसेज यायचा, तेवढाच.

यंत्र बसल्यावर बाईंनी स्वतःहून पहिला फोन तिला लावला. फोनवर बोलताना ओळी चष्म्यावर दिसत, पण आवाज खोलीत न येता थेट फोनमध्ये जाई. पलीकडे सन्मतीचा "आई?" असा कातर आवाज आला.

"मेल्यावर यायचा विचार आहे का?" बाईंनी विचारलं.

फोन कट झाला.

शांतिनाथांनी दाराआडून हे ऐकलं होतं, म्हणजे सन्मतीचा 'आई?' आणि त्यामागोमाग कट झालेला फोन. पुढच्या आठवड्यात ते बराच वेळ बायकोच्या यंत्राशी खटपट करत बसले. "आवाज जरा साफ करतोय," म्हणाले.

त्यानंतरच्या फोनपासून सगळं पालटलं. सन्मती दर रविवारी दुपारी स्वतःहून फोन करू लागली. बोलायचीही छान, सांभाळून, हसून. बाई आपल्या नेहमीच्या ढंगात बोलत आणि तरी पोरगी चिडत नसे. एकदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "तुझं ते काम म्हणजे पगारी हमाली आहे. डोकं गहाण टाकलंयस." सन्मती म्हणाली, "थँक यू, आई. तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं."

बाईंना वाटलं, ही टोमणा मारतेय. आणि त्यांना तो टोमणा फार आवडला. "तुमच्या पोरीच्या जिभेला धार चढायला लागलीय," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. शांतिनाथ वाटी विसळायला आत गेले.

असे आठ-एक महिने गेले. नणंद पुन्हा फोन करू लागली. जुने अशील फोन करून तब्येत विचारू लागले. आजारपणाने माणसं मऊ पडतात, असा निष्कर्ष काढून बाई मोकळ्या झाल्या. आपण मऊ पडलेलो नाही याचा त्यांना अभिमानच वाटत होता.

मग सन्मतीने कळवलं की ती चार दिवस राहायला येते आहे. शांतिनाथ फोनवर म्हणाले, "आत्ता कशाला? उन्हाळा संपू दे." पण ती ऐकेना.

ती सकाळच्या गाडीने आली. बॅग दारातच टाकून आईच्या पलंगापाशी धावली आणि तिचा वाळलेला हात दोन्ही हातांत धरला.

खोलीतल्या स्पीकरमधून बाईंचा आवाज आला, "ये. केवढी जाड झालीस!"

सन्मतीचा हात किंचित सैल झाला. मग ती हसली. "आई, फोनवर किती वेगळी असतेस गं तू."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे... समजुतीची." ती पलंगाच्या कडेला टेकली. "खरं सांगू? मी आलेच नसते. पण तू त्या दिवशी माफी मागितलीस ना, त्याने मला राहवेना."

"कुणी माफी मागितली?"

"आई, असं नको ना करू आता." सन्मतीने पर्समधून फोन काढला. "मी जपून ठेवलंय ते. रोज झोपताना ऐकते."

फोनमधून पद्मजाबाईंचा आवाज येऊ लागला. शंका घ्यायला जागाच नव्हती, तोच तो किंचित भरडा, कोर्ट गाजवलेला आवाज. पण त्याला एक सूर लागला होता, जो त्या गळ्यातून जन्मात कधी निघाला नव्हता. ओलसर, खाली झुकलेला. "बाळा, त्या दिवशी व्हरांड्यात माझं फार चुकलं. मी तुझी वरिष्ठ होते, पण आधी आई होते, हे विसरले. तुझ्या जागी मी असते तर मीही निघून गेले असते. जमलं तर मला माफ कर."

बाई चष्म्याआडून फोनकडे बघत राहिल्या. 'बाळा' हा शब्द त्यांनी सन्मती पाळण्यात होती तेव्हाही वापरला नव्हता. तो रविवार त्यांना आठवत होता. त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "व्हरांड्यातलं अजून धरून बसलीयस? कलम चुकलं होतं, ते चुकलंच होतं."

त्यांच्या पोटातून काहीतरी वर चढलं. उलटी झाली तर श्वासनलिकेत जाईल म्हणून त्यांना आवरायला हवं होतं, पण घसा त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. तोंडातून चिकट तार लोंबली. शांतिनाथ स्वयंपाकघरातून धावत आले, लाळ ओढून घेणारं यंत्र लावलं, तोंड साफ केलं, उशी वर केली. सगळं सवयीने, हलक्या हाताने. सन्मती भिंतीकडे तोंड करून उभी होती. हे तिने कधी पाहिलं नव्हतं. फोनवर आईचं तोंड नेहमी कोरडं आणि स्वच्छ असायचं.

"तू अंघोळ करून ये," शांतिनाथ तिला म्हणाले.

ती गेल्यावर बाईंनी यंत्राची सेटिंग उघडायला सांगितली. शांतिनाथांनी उघडली नाही. तेव्हा बाईंनी स्वतःच, एकेका मनातल्या हुकमाने, चष्म्याच्या काचेवर ती उघडली. जे होतं ते एका ओळीत होतं. फोनवर जाणारी प्रत्येक ओळ 'स्निग्ध' नावाच्या बाहेरच्या प्रोग्राममधून काढून आणावी. आणि पुढे, मुद्दाम जोडलेलं, की मूळ ओळ चष्म्यावरून पुसू नये, तशीच दिसत ठेवावी.

म्हणजे बाईंना दिसायचं त्यांनी काय म्हटलं ते. जगाला ऐकू यायचं ते दुसरंच.

'स्निग्ध' त्यांना नावाने माहीत होता. लाखो माणसांच्या बोलण्यावर पोसलेला प्रोग्राम. तुमचं वाक्य द्या, तो समोरच्याला आवडेल असं करून देतो. कोर्टातले नवे वकील नोटिसा त्यातून काढायचे, आणि त्या नोटिसा वाचताना बाईंना तेलकट हाताने कुणीतरी गाल कुरवाळल्यासारखं व्हायचं.

"तुम्ही केलंत?"

"हो," शांतिनाथ म्हणाले. पोटाच्या नळीला लावायची पेजेची पिचकारी त्यांच्या हातात होती. तिची वेळ झाली होती.

"हात लावू नका मला."

"पद्मा, खायला हवं."

"तुम्ही माझी लाळ पुसता, घाण काढता. मला कधी काही वाटलं नाही. पण हे? माझ्या तोंडातला घास काढून घेतलात, कुणाकडून तरी चावून आणलात, आणि माझ्या नावाने माझ्या पोरीला भरवलात. तिने तो जपून ठेवलाय. रोज झोपताना चघळते. शी! शी!"

स्पीकरचा आवाज कमी-जास्त होत नसे, त्यामुळे त्या दोन्ही 'शी' अगदी सारख्या, शांतपणे उच्चारल्यासारख्या आल्या. शांतिनाथांना त्या ओरडण्यापेक्षा वाईट लागल्या.

ते पिचकारी हातात धरूनच खुर्चीवर बसले. "तीस वर्षं मी हेच केलं, पद्मा. तू कुणालातरी बोलून मोकळी व्हायचीस आणि मी मागून जायचो. माझ्या आईकडे गेलो, ताईकडे गेलो, तुझ्या त्या टायपिस्टच्या घरी गेलो. सांगायचो, तिला तसं म्हणायचं नव्हतं हो. लोक माझ्याकडे बघून गप्प बसायचे. आता तुला सोडून कुठे जाता येत नाही, म्हणून यंत्राला लावलं."

बाईंना हे माहीत नव्हतं. आपल्यामागून उंबरठे झिजवत हिंडणारा हा माणूस त्यांना दिसू लागला, आणि त्या सगळ्या घरांमधली ती कीव करणारी तोंडंही.

"मला तसंच म्हणायचं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "दर वेळी."

सन्मती केस पुसत दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाईंना वाटलं, आता ही कोसळेल. रोज उशाशी घेऊन झोपलेली माफी खोटी निघाली होती. पण ती कोसळली नाही. टॉवेल खुर्चीवर टाकून ती म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं काय झालं."

"एवढंच?"

"आई, सगळेच लावतात गं. आमच्या ऑफिसात तर सक्तीचं आहे. माझ्या फोनवर पण आहे."

"माझ्याशी बोलताना?"

सन्मतीने खांदे उडवले. "तुझ्याशी बोलायचं म्हणून तर घेतलं होतं. तू त्या दिवशी माझ्या कामाबद्दल खरं काय म्हणाली होतीस कोण जाणे, मला तर ऐकू आलं की माझ्या मेहनतीचं तुला कौतुक वाटतं. मी रडले ते ऐकून. आणि म्हणाले, आता तरी बोललीस, इतकी वर्षं कुठे गेली होतीस. त्याचं पण स्निग्धने काहीतरी गोड करून दिलं असणार."

बाईंच्या डोळ्यांसमोर ते आठ महिने उभे राहिले. दोन टोकांना दोन बायका बसल्या होत्या, एकमेकींचं एक अक्षरही त्यांच्या कानावर पडलं नव्हतं, आणि मधल्या तारेत त्यांची ती तात्पुरती पोरं एकमेकांच्या तोंडात घास घालत होती, ओकत होती, पुन्हा भरवत होती. त्या चिकचिकाटाला घरातली सगळी माणसं माया म्हणत होती.

"तुला किळस नाही येत?" त्यांनी विचारलं.

"कशाची?" सन्मतीने खरोखरच न कळून विचारलं. "बरं चाललं होतं की आपलं."

दुपारी बाईंनी नवऱ्याला ती ओळ काढून टाकायला लावली. शांतिनाथांनी निमूटपणे काढली. पेज मात्र बाईंनी त्यांच्या हातून घेतली नाही. सन्मतीला नळी जोडायला शिकावं लागलं, आणि नाक मुरडत का होईना, ती शिकली.

रात्रभर बाई विचार करत पडल्या. किळस यायचं खरं कारण त्यांना हळूहळू उमगत गेलं. ती माफी निव्वळ खोटी असती तर त्यांनी झटकून टाकली असती. पण तशी एक माफी त्यांच्याजवळ होती. इतकी वर्षं कुठेतरी आत, कुणाला न दाखवता ठेवलेली. कधी द्यायची, कशी द्यायची, द्यायची की नाही, हे त्यांचं त्या ठरवणार होत्या. आणि कुणा तिऱ्हाइताने पुढे होऊन ती मागून टाकली. आता त्यांनी कितीही मनापासून मागितली तरी ती उष्टीच.

तरी त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सन्मती उशाशी बसून भडंग खात होती. बाईंनी एकेक शब्द तोलून ओळी तयार केल्या. 'बाळा' त्यात नव्हता.

"सन्मती, ऐक. तुझा तो अर्ज भिकार होता. कलम चुकीचं होतं, आणि तू आदल्या दिवशी नीट वाचलं असतंस तर तुला कळलं असतं. हे मी आजही म्हणेन. पण तो अर्ज मी तिथे, सगळ्यांसमोर फाडायला नको होता. मला त्या वेळी तुझी लाज वाटली आणि मी ती तुझ्यावर काढली. ते चूक होतं. माझं चूक."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला असं काही म्हटलं होतं. मुलीच्या चेहऱ्याकडे त्या कोर्टात निकालाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

सन्मतीने भडंगाचा घास गिळला. खाली बघून तिने बोटांवरचं तिखट पुसलं.

"फोनवर जास्त छान म्हणाली होतीस," ती म्हणाली.

ती काही दुष्टपणे बोलली नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं. बाईंनी डोळे मिटून घेतले. चष्म्यावर बरंच काही उमटलं, पण त्यांनी त्यातलं काहीच बाहेर सोडलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "गाडी कितीची आहे?"

चार दिवसांचं राहणं दोनच दिवसांत आटोपलं. निघताना सन्मतीने आईच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

रविवारी फोन वाजला. शांतिनाथांनी तो बाईंच्या कानाला लावला. "हॅलो आई, कशी आहेस? तुझी खूप आठवण येते." आवाज सन्मतीचाच होता, पण त्यात कुठे श्वास लागत नव्हता, कुठे शब्द अडत नव्हता. लोण्यातून सुरी फिरावी तसा तो फिरत होता. बाईंनी मान हलवायचा प्रयत्न केला. शांतिनाथांनी फोन बाजूला घेतला.

"तिला सांगा," स्पीकरमधून बाई म्हणाल्या. "हे ऐकताना मला कुणाची तरी थुंकी चाटल्यासारखं होतं. स्वतःच्या तोंडाने बोलणार असशील तर फोन कर. शिव्या दिल्यास तरी चालतील. नाहीतर नको करू. आणि मी सांगितलं ते शब्दाला शब्द सांगायचं. माझ्यासमोर."

शांतिनाथांनी फोन कानाला लावला. "सन्मती, आईला म्हणायचंय की..." ते थांबले. समोर बायको बघत होती. असं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि, जसं ऐकलं होतं तसं, थुंकीसकट, सगळं सांगितलं. शब्द एकही बदलला नाही.

पलीकडे फोन ठेवला गेला. शांतिनाथ तसेच उभे राहिले. बाईंनी त्यांना पेज आणायला सांगितली.

पुढचे कितीतरी रविवार कोरडे गेले. नणंदेला बाई फोनवर दोन वाक्यं खरी बोलल्या आणि तिचा फोन यायचा बंद झाला. अशिलांचे फोन आटले. घर पुन्हा पूर्वीसारखं झालं, आणि शांतिनाथ कुणाकडेही सारवासारव करायला गेले नाहीत. कधी कधी ते नुसते खुर्चीवर बसून बायकोकडे बघत. तिने केलेलं नुकसान पहिल्यांदाच उघड्यावर पडलेलं होतं आणि त्यांनी ते झाकायचं नव्हतं. बाईंचा डावा हात तेवढ्यात पुरता गेला.

मग आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, भर दुपारी, फोन वाजला.

"आई." धाप लागलेला, नाकात बोलणारा, घाईघाईचा आवाज. मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. "मी बंद केलंय ते. आता काय बोलू मला कळत नाहीय. म्हणजे... थांब. म्हणजे तुला वाटतं ना फक्त तुलाच किळस येते?"

"बोल," बाई म्हणाल्या.

"तू व्हरांड्यात ओरडत होतीस ना, तेव्हा तुझी थुंकी उडत होती. माझ्या चष्म्यावर उडाली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. आणि मी ती पुसली नाही, कारण पुसली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं की तू थुंकलीस. मी तशीच उभी राहिले. तुझी लाज वाचवत. तू माझी काढत होतीस आणि मी तुझी वाचवत होते! बंगळूरला पोचेपर्यंत मी तोंड किती वेळा धुतलं माहितीय? आणि तू म्हणतेस अर्ज भिकार होता. होता भिकार! मला ताप होता आदल्या रात्री. तू विचारलंस का?"

आवाज चढत गेला होता. शांतिनाथ दारात आले होते. फोनमधलं सगळं त्यांना ऐकू जात होतं. मध्ये पडून काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून ते सवयीने पुढे झाले. बाईंनी नुसत्या नजरेने त्यांना जागीच थांबवलं.

"मागे आले तेव्हा तुझ्या तोंडातून ते सगळं गळत होतं," सन्मती आता रडत होती, नाक ओढत होती, शब्द एकमेकांत अडकत होते, "आणि मला वाईट वाटायच्या आधी तेच आठवलं. तोच चष्मा. मला अजून तुझी किळस येते, आई. काय करू मी?"

चष्म्याच्या काचेवर एक ओळ उमटली. बाईंनी ती पुन्हा एकदा वाचली आणि सोडली.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "पुढे सांग."